चीनला निघालेला कागद

बंगळूरहून परतल्यापासून भेटेल तो विचारतो, लालबाग पाहिली का, म्हैसूरला जाऊन आलात का. नाही. आठवडाभर मी तिथे एका कागदाच्या मागे होते. तरीही बंगळूर बऱ्यापैकी पाहिलं असं मला वाटतं. निदान जे पाहिलं ते सहलीच्या बसमधून दिसत नाही.

आधी माझ्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. मी पुण्यात पेटंटची कामं करते. कुणी नवं यंत्र किंवा नवी रीत शोधून काढली, की त्याचा अर्ज सरकारी भाषेत लिहून द्यायचा आणि मंजूर होईपर्यंत त्याच्या मागे लागायचं. आमच्या घरी हे काम कुणालाही नीट समजलेलं नाही. मावशी अजून लोकांना सांगते, की ती औषधांचं काहीतरी करते.

गेल्या वर्षाच्या शेवटी, म्हणजे अठ्ठ्याण्णव संपता संपता, आपला देश पॅरिसच्या करारात सामील झाला आणि आमच्या धंद्यात एक नवी सोय आली. आता भारतात अर्ज केल्यावर वर्षभरात परदेशात अर्ज केला, तर तो देश तुमची भारतातलीच तारीख धरतो. मात्र नुसत्या तोंडी सांगण्यावर नाही. इथल्या कार्यालयाने दिलेली अर्जाची प्रमाणित नक्कल तिकडे मुदतीत पोचवावी लागते. ही नक्कल म्हणजे अग्रक्रमाचा पुरावा. सगळी पानं एकत्र शिवलेली, त्यांतून फीत ओवलेली आणि फितीच्या गाठीवर शिक्का मारलेला.

बंगळूरच्या सरस्वतीबाई माने या माझ्या अशील. कोषातून रेशमाचा धागा काढताना बायकांना उकळत्या पाण्यात बोटं घालून धाग्याचं टोक शोधावं लागतं. सरस्वतीबाईंनी एक फिरती फणी शोधून काढली, ती हे टोक पाण्याबाहेर उचलून देते. अर्ज चेन्नईला झाला. त्यानंतर रेशमाच्या एका प्रदर्शनात त्यांनी यंत्र मांडलं आणि प्रदर्शनाच्या पुस्तिकेत त्याचा फोटो आणि सगळं वर्णन छापून आलं. त्याच्याही नंतर आम्ही चीनमध्ये अर्ज केला, कारण रेशीम म्हटलं की चीन. आता चीनने चेन्नईची तारीख धरली तर सगळं ठीक होतं. नाही धरली, तर ती पुस्तिकाच त्यांच्या विरोधात गेली असती. जगात आधीच छापून आलेली गोष्ट नवी कशी म्हणायची? सगळी भिस्त त्या फीत लावलेल्या कागदावर होती आणि तो महिनाअखेरीच्या आत बीजिंगला पोचायला हवा होता.

सरस्वतीबाईंचे यजमान खंडेराव यांनी चेन्नईला जाऊन नक्कल आणली होती. बीजिंगच्या आमच्या वकिलाला आकृत्यांबद्दल काही शंका होत्या, त्यासाठी यंत्र प्रत्यक्ष पाहायचं होतं. तेव्हा मी जायचं, यंत्र पाहायचं, कागद ताब्यात घ्यायचा आणि तिथूनच कुरियर करायचा, असा साधा बेत होता.

पेठेतलं घर

मान्यांचं घर बंगळूरच्या जुन्या पेठेत आहे. गल्लीत एका बाजूला रेशमाचे व्यापारी आणि दुसऱ्या बाजूला लेथ मशिनं. खाली खंडेरावांचं वर्कशॉप, वर घर. जिन्यातच लोखंडाचा आणि कॉफीचा वास एकदम येतो, आणि तो मला पहिल्या दिवसापासून आवडला.

"बन्नी बन्नी, या की अक्का," खंडेराव वरूनच म्हणाले. "प्रवास सरी झाला न्हवं?"

खंडेरावांचं मराठी मला पत्रांतून माहीत होतं. पत्र मराठीत आणि पत्ता कन्नडमध्ये. पुण्यातल्या त्यांच्या मेहुण्यांनी माझं नाव सुचवलं ते मुख्यतः मी मराठीत उत्तरं देते म्हणून. "आमी इथं फौजेबरोबर आलो," असं ते म्हणाले तेव्हा क्षणभर मला वाटलं, खंडेराव लष्करात होते की काय. ती फौज साडेतीनशे वर्षांपूर्वीची निघाली. पण सांगताना त्यांचा स्वर असा, की सामान अजून पुरतं उघडायचं राहिलंय.

सरस्वतीबाई कमी बोलणाऱ्या. त्यांनी मला अक्का म्हटलं, मीही त्यांना अक्का म्हटलं, आणि वयाचा हिशेब कुणीच केला नाही. पुढ्यात अक्की रोट्टी आली. आमच्याकडे थालीपीठ तव्यावर थापतात, त्यांच्याकडे तांदळाची ही रोटी थापतात, आणि त्यावर लोण्याचा गोळा. मी दुसरी घेतली. मग खंडेराव म्हणाले, "चला, अक्का. कागद दावतो."

मला वाटलं कपाटातून पाकीट काढतील. त्यांनी मला देवघराशी नेलं. खंडोबाच्या टाकाशेजारी भिंतीवर एक फ्रेम होती, तिला झेंडूचा हार. फ्रेममध्ये प्रमाणित नकलेचं पहिलं पान होतं. वर सिंहांची मुद्रा, खाली 'सरस्वती खंडेराव माने', आणि या सगळ्यावर चकचकीत प्लॅस्टिक.

"लॅमिनेशन केलं," खंडेराव म्हणाले. "आता शंभर वर्षं काही होत नाही."

"आणि बाकीची पानं?"

"ती फाइलमध्ये हायत. एकबी हरवलं नाही."

"फीत?"

"तीबी ठेवली की. रेणुकानं सोडली, पण जपून ठेवली."

फीत त्यांनी एका काड्यापेटीतून काढून दाखवली. नीट गुंडाळलेली होती. गाठीखालच्या पानावरही उमटलेला उठावाचा शिक्का लॅमिनेशनच्या उष्णतेने बसून सपाट झाला होता. प्रकाशात धरल्यावर तिथे काहीतरी होतं एवढंच कळत होतं.

मी खाली बसले. फीत सोडू नये असं मी पत्रात लिहिलं नव्हतं हे खरं. पण कागद खाऊ नये असंही मी कधी कुणाला लिहिलेलं नाही. ओरडावंसं वाटत होतं, आणि खंडेरावांच्या चेहऱ्याकडे पाहून ओरडवतही नव्हतं. त्या घरात इतक्या वर्षांत सरकारचे जे कागद आले होते, त्यातला हा पहिलाच, ज्यावर घराचा मालक म्हणून कुणाचं नाव नव्हतं. काहीतरी शोधून काढलेली बाई म्हणून बायकोचं नाव होतं. त्यांनी ते देवाशेजारी लावलं होतं. त्यांच्या जागी मीही असते तरी हेच केलं असतं, असं आता वाटतं. तेव्हा तसं काही वाटलं नाही.

"खंडेराव," मी म्हटलं, "त्या फितीनेच हा कागद खरा ठरत होता. ती सोडली की ही नुसती पानं झाली. चीन ही घेणार नाही."

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. सरस्वतीबाई कॉफीचे पेले उचलत होत्या, त्या म्हणाल्या, "मग दुसरा कागद आणायचा. अजून महिना संपला नाही." आणि आत गेल्या.

रेणुका संध्याकाळी कामावरून आली. मान्यांची एकुलती एक मुलगी, एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. तिला घरातल्या वातावरणाचा अंदाज आला असावा, कारण चप्पल काढता काढताच म्हणाली, "काय झालं?"

मी सांगितलं. ती हसली.

"आंटी, पण डॉक्युमेंट पोचलंय. फीत असताना स्कॅनरचं झाकण बंद होत नव्हतं, पानं वाकडी येत होती. म्हणून मी ती सोडली, एकेक पान क्लिअर स्कॅन केलं आणि बीजिंगला ई-मेल केलं. मी हेच तर करते ऑफिसमध्ये! आमचा प्रोजेक्टच आहे तो. परदेशातली पेटंट ऑफिसेस आता प्रायॉरिटी डॉक्युमेंट्स एकमेकांना कॉम्प्युटरनेच पाठवणार आहेत. पेपर संपला."

ती इतक्या खात्रीने बोलत होती, की क्षणभर माझ्याच मनात शंका आली. आमच्याकडेही त्या बातम्या येत होत्या. जपान आणि युरोप यांच्यात असं काहीतरी सुरू झालं आहे, हे मी वाचलं होतं.

"उद्या मला तुझ्या ऑफिसात घेऊन चल," मी म्हटलं. "बीजिंगचं उत्तरही तिथेच वाचू."

महादेवपुऱ्याकडे

कंपनीची बस पेठेतून निघून पूर्वेला जाते. मारतहळ्ळी मागे पडलं की दोन्हीकडे नाचणीची शेतं आणि निलगिरीची झाडं लागतात, मधूनच एखादं तळं, आणि शेताच्या मधोमध अचानक काचेची इमारत. तिथे शेजारी म्हैस बांधलेली होती. महादेवपुऱ्याच्या अलीकडे रस्ता खणलेला होता, त्यामुळे बस थांबली, आणि एका बाईने खिडकीतून बसमधल्या तरुण पोरांना शेंगदाणे विकले. कुणीही घाईत नव्हतं. पुण्यात एव्हाना निम्म्या बसने ड्रायव्हरला रस्ता सुचवला असता.

रेणुकाच्या ऑफिसात कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपलांची रांग होती. आत धूळ जायला नको म्हणून, ती म्हणाली. पण आत प्रत्येक यंत्राच्या कपाळावर आयुधपूजेचं कुंकू होतं, म्हणजे कारण एकच नसावं. आत गारठा इतका, की मी पदर डोक्यावरून घेतला.

तिने मला पडद्यासमोर बसवलं. "हे बघा. हे टेस्टिंग आहे. डावीकडे एक ऑफिस, उजवीकडे दुसरं. दोन देश. आता इथून एक अर्ज मागवते."

डावीकडे एक क्रमांक उमटला. थोड्या वेळाने उजवीकडे एकेक पान उतरायला लागलं. आकृत्या, दावे, तारीख, सगळं. मी आयुष्यभर असले अर्जांचे कागद पाकिटांत घातले, लाखेवर फुंकर घातली, पोस्टात रांगा लावल्या, एकदा तर मुंबई विमानतळावर एका अनोळखी प्रवाशाच्या हातापाया पडून एक कागद पाठवला. आणि इथे ते काम एका खोलीत, अनवाणी, होत होतं. मला आनंद झाला, आणि थोडं वाईटही वाटलं. दोन्ही खरं होतं.

"यात फीत कुठे आहे?" मी विचारलं.

"फीत नाही, आंटी. लागतच नाही. हे ऑफिस त्या ऑफिसला ओळखतं. त्यांनी आपसात ठरवलंय. यांच्या कपाटातून निघालं की थेट त्यांच्या कपाटात."

"मधे कोण असतं?"

"कुणीच नाही."

"अर्जदार?"

"नाही ना. अर्जदाराच्या हातात येतच नाही. तोच तर फायदा—" आणि ती थांबली.

पडद्यावर शेवटचं पान उतरत होतं.

"म्हणजे मी पाठवलं ते," ती सावकाश म्हणाली, "ऑफिसकडून नव्हतं. माझ्याकडून होतं."

"तू आपल्या आईच्या कागदाचे फोटो काढून पाठवलेस. फोटो छान आले असतील. पण मधे तू आहेस, आणि चीनने आणि आपण असं आपसात काही ठरवलेलं नाही. तेव्हा मधल्या माणसावर भरवसा नको म्हणून ती फीत असते."

बीजिंगच्या वकिलाचं उत्तर आलेलं होतं. पानं अतिशय स्वच्छ मिळाली म्हणून आभार मानले होते. त्याखाली लिहिलं होतं, की कार्यालयाला प्रमाणित मूळ नक्कलच लागेल आणि मुदत वाढवून मिळत नाही. रेणुकाने ते दोनदा वाचलं, कागदावर छापून घेतलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं. मग रजेचा अर्ज लिहायला बसली.

"मी सोडली, मीच आणते," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण अर्ज नीट लिहिला.

चेन्नईला कोणी जायचं यावर घरी थोडी चर्चा झाली. खंडेराव निघायच्या तयारीत होते. सरस्वतीबाई म्हणाल्या, "तुमी नको. तुमी तिथंबी फ्रेम कराल." चर्चा संपली. आईची सही असलेला अर्ज आणि माझं पत्र घेऊन रेणुका सकाळच्या गाडीने गेली.

देवनहळ्ळीवरून विजयपुरा

वाट पाहण्यापलीकडे मला काही काम नव्हतं, आणि यंत्र पाहायचं होतंच. ते विजयपुऱ्याला सरस्वतीबाईंच्या माहेरी चालू होतं. हे आपल्याला माहीत असलेलं विजापूर नव्हे. देवनहळ्ळीच्या पुढचं हे रेशमाचं छोटं गाव आहे. आम्ही दोघी बसने निघालो. तिघींच्या बाकावर चौथी बाई आली, "स्वल्प अडजस्ट माडी" म्हणाली आणि बसली. आमच्याकडे यावर किमान एक वाद झाला असता. इथे सगळ्या सरकल्या, आणि चौथीने आपल्या टोपलीतली मोगऱ्याची वेणी तोडून तिघींना दिली.

देवनहळ्ळीला किल्ल्याच्या भिंतीजवळ बस थांबली. आजूबाजूला द्राक्षाचे मांडव होते. सरस्वतीबाईंनी खाली उतरून एक चकोतरा, म्हणजे पपनस, आणला, लहान मुलाच्या डोक्याएवढा. तो सोलताना मी त्यांचे हात पहिल्यांदा नीट पाहिले; एरवी त्या ते पदराखाली ठेवत. बोटांची टोकं पांढरी, गुळगुळीत, नखांच्या कडा कुरतडल्यासारख्या. त्या फोडी वेगळ्या करत होत्या पण रस अंगठ्याला लागला की हात झटकत होत्या.

"झोंबतं?"

"जुनं हाय, अक्का. सात वर्षांची असताना बसवलं मला कढईपाशी. आता सवय."

माहेरच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये चार बायका बसल्या होत्या, प्रत्येकीपुढे उकळतं पाणी आणि त्यात तरंगणारे कोष. भाताच्या काड्यांच्या कुंच्याने कोष ढवळायचे, मग बोटं घालून टोकं पकडायची, झटक्याने बाहेर. वास उग्र आहे, तो इथे सांगत नाही. पाणी खरंच किती तापलंय हे पाहावं म्हणून मी शहाण्यासारखं बोट घातलं. माझी किंकाळी रस्त्यापर्यंत गेली असावी. बायका हसल्या, एकीने बोटाला लोणी लावलं, आणि मग माझ्याशी सगळ्या मोकळेपणाने बोलायला लागल्या. ओळख करून घ्यायची हीही एक रीत.

पाचव्या कढईवर सरस्वतीबाईंचं यंत्र होतं. वाकड्या दातांची पितळी फणी हळूहळू फिरत पाण्यात उतरायची आणि वर येताना दातांना टोकं अडकवून आणायची. बाई ती कोरड्या हवेत बोटांनी उचलायची. बस. त्यात चमकणारं काही नव्हतं. वकिलाच्या शंका मी तिथे उभ्या उभ्याच सोडवल्या.

"सुचलं कसं?" मी विचारलं.

"रेणुका लहान होती, तिचे ओले केस विंचरत होते. गुंता वर ओढला तर रडायची, म्हणून फणी स्वल्प गोल फिरवून काढायची. हेबी तसंच." त्यांनी फणीच्या दातांकडे बोट दाखवलं. "यांनी दात घासून घासून दिले. कितीदा तरी. दात सरळ असला की धागा तुटतो."

जेवायला नाचणीचं मुद्दे, म्हणजे शिजवलेल्या पिठाचा मऊ गोळा, होतं. आपल्या भाकरीसारखं चावून खायचं असं समजून मी चावायला लागले, आणि घास वाढतच गेला. सरस्वतीबाईंच्या वहिनीने आश्चर्याने स्वतःच्या गालाला हात लावला. मुद्दे चावायचं नसतं, सारात बुडवून गिळायचं असतं. दुसरा घास गिळला, तिसरा जमला.

जेवणानंतर सरस्वतीबाईंनी पाटाखालून एक वेगळीच फणी काढून दाखवली. पत्र्याची होती, दात सरळ.

"पुस्तिकेतला फोटो बघून एकानं बाजारात आणली. धागा तुटतो, म्हणून बाया दोन दिवसांत टाकून देतात आणि परत बोटं घालतात. मग म्हणतात, असली यंत्रं कामाची नसतात. आमची खरी फणी दावली तरी घेत नाहीत." त्यांनी ती पत्र्याची फणी परत आत सारली. "चीनमध्येबी बायाच बसत असतील की कढईपाशी. तिथंबी असंच झालं तर?"

चीनचा अर्ज म्हणजे बाजारपेठ, असं मी धरून चालले होते. सरस्वतीबाईंना पेटंट हवं होतं ते अशा नकला अडवायला; त्या बायकांच्या बोटांबद्दल बोलत होत्या. मला त्यांच्याबद्दल इतका आदर वाटला, की मी उगाचच विषय बदलून चकोतऱ्याचं कौतुक केलं.

परत आलो तेव्हा रेणुकाचा शेजारच्या दुकानात फोन येऊन गेला होता. खंडेरावांनी निरोप सांगितला. कार्यालयात गर्दी होती, आधीचे अर्ज आधी, साहेब म्हणाले किमान पंधरवडा. पंधरवड्याने आमचा महिना संपत होता आणि वर बीजिंगचा प्रवास राहत होता.

"नाही आला तर?" सरस्वतीबाईंनी मला सरळ विचारलं.

"तर चीन त्यांच्याकडच्या अर्जाची तारीख धरेल. पुस्तिका त्याच्या आधीची. अर्ज पडेल."

"सरी," त्या म्हणाल्या, म्हणजे ठीक, आणि तांदूळ निवडायला बसल्या. खंडेराव देवघरात गेले. पाहते तर त्यांनी फ्रेमवरचा हार काढून खंडोबाला घातला होता.

फितीची गाठ

दोन दिवस फोन आला नाही. मी वर्कशॉपमध्ये बसून आकृत्या पुन्हा काढल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी जिन्यावर पावलं वाजली आणि रेणुका वर आली. पाकीट तिने ओढणीखाली दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. खुर्चीवर बसली तरी सोडेना.

"दाव की," खंडेराव पुढे झाले.

"लांबूनच, अप्पा."

मी पाकीट उघडलं. फीत जागेवर, गाठीवर शिक्का टपोरा. पानं कोपऱ्यांनी जेमतेम उचलून पाहिली, सगळी होती. मग विचारलं, हे घडलं कसं.

"साहेब म्हणाले, एकदा दिली होती, परत का? मी खरं सांगितलं. फीत मी सोडली, पहिलं पान अप्पांनी लॅमिनेट करून देवाजवळ लावलं. ते हसले नाहीत. म्हणाले, कशाला सोडली? मग मी माझं काम सांगितलं, कसं एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात जातं ते. त्यांनी खुर्ची ओढली. दोन तास प्रश्न विचारत होते. पान पुसट असेल तर? मधे वीज गेली तर? शेवटी म्हणाले, मग फीत कोण बांधणार? मी म्हटलं, कुणी नाही, सर." तिने फितीच्या गाठीकडे पाहिलं. "दुसऱ्या दिवशी बोलावलं. माझ्या अर्जावर मुदतीचं कारण लिहून वरून मंजुरी घेऊन ठेवली होती. फीत त्यांनी स्वतः ओवली. गाठ सैल पडत होती, तर म्हणाले, बोट धर इथे. मी धरलं, त्यांनी आवळली."

तिने ते बोट पुढे केलं, जणू त्यावर काही उमटलं असेल. सरस्वतीबाईंनी ते धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

कुरियरच्या ऑफिसात आम्ही चौघंही गेलो, एका पाकिटासाठी. काउंटरवरच्या माणसाने पाकीट घेतलं, आतलं पाहिलं, आणि पावती जोडायला सहज स्टेपलर उचलला.

"मुट्टबेडी!" खंडेराव ओरडले. हात लावू नका. रांगेतली माणसं मागे सरली. एकाने तर आपलंही पार्सल उचलून घेतलं. मग खंडेरावांनी त्या माणसाला कन्नडमध्ये फीत म्हणजे काय, शिक्का म्हणजे काय, मधल्या माणसावर भरवसा का ठेवायचा नसतो, हे सगळं समजावून सांगितलं. मी सांगितलं होतं त्यापेक्षा चांगलं सांगितलं. माणसाने पावती वेगळ्या पाकिटात घातली.

त्याच दिवशी मी पुण्याची गाडी धरली. डब्यात बसताना सरस्वतीबाईंनी हातात दोन चकोतरे दिले आणि माझ्या भाजलेल्या बोटाकडे पाहून म्हणाल्या, "आता तुमीबी आमच्यातल्या."

मध्यंतरी बीजिंगहून पत्र आलं. नक्कल मुदतीत मिळाली, अग्रक्रमाची तारीख मान्य. चेन्नईची तारीख, पुस्तिकेच्या आधीची. मी खुर्चीवरून उठून खिडकीशी गेले आणि तिथेच थोडी रडले. माझ्या कामात असं सहसा होत नाही. मग पत्राची एक प्रत मान्यांना पाठवली. पुन्हा काही व्हायला नको म्हणून वर लाल शाईने ठळक लिहिलं: 'हा कागद महत्त्वाचा आहे. कृपया लॅमिनेट करू नये.'

काल उत्तर आलं. पाकिटात पत्र नव्हतं, एक फोटो होता. देवघराची भिंत. खंडोबाशेजारी जुनी फ्रेम, तिच्याजवळ नवी फ्रेम, दोन्हींना झेंडूचा हार. नव्या फ्रेममध्ये बीजिंगच्या पत्राची प्रत होती आणि तिच्या डोक्यावर, सगळ्यात मोठ्या अक्षरांत, माझी लाल ओळ. खाली सरस्वतीबाई उभ्या होत्या, हात पदराखाली न लपवता समोर धरलेले. फोटोच्या मागे खंडेरावांच्या अक्षरात लिहिलं होतं: "अक्का, लॅमिनेशन केलेलं नाही. फक्त काच लावली."